कार्यक्रमात दारू ठेवायची असेल तर: पुण्यातल्या संस्था आणि सोसायट्यांसाठी परवान्याची वाट

पहिल्यांदाच असा कार्यक्रम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ असं आहे. म्हणजे आपल्याकडे मूळ नियम बंदीचा, आणि परवाना हा त्याला दिलेला अपवाद. विकणं, साठवणं, वाहून नेणं, पाजणं आणि पिणं, यातल्या प्रत्येक गोष्टीला कुठला ना कुठला कागद लागतो. ‘आम्ही विकत नाही, नुसतं देतोय’, ‘आपलेच तर लोक आहेत’, ‘चांगल्या कामासाठी आहे’ ही कारणं माणुसकीच्या दृष्टीने खरी असतील, पण उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकासमोर त्यातलं एकही चालत नाही.

निधी उभारणीचं जेवण, माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, सोसायटीची एकतीस डिसेंबर, एखाद्या संस्थेची मैफल, अशा कार्यक्रमांचे आयोजक बहुतेक हौशी आणि प्रामाणिक असतात. मंडप, केटरर, पाहुण्यांची यादी हे सगळं ते नीट करतात आणि परवान्याचा विषय शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. माझं सांगणं याच्या नेमकं उलट आहे. परवान्याचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा, पोस्टर छापण्याच्याही आधी. कारण जागा, तारीख, तिकीट, आमंत्रणाची भाषा हे सगळं त्यावर ठरतं.

पुढचं सगळं समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण घेऊ. सिंहगड रोडवरच्या एका नोंदणीकृत ट्रस्टला मुलींच्या वसतिगृहासाठी निधी उभा करायचा आहे. दीडशे पाहुणे, गझलांची मैफल, जेवण आणि सोबत वाइन, असा बेत आहे.

आधी विश्वस्तांशी बोला

दारू खरंच हवी आहे का, हा प्रश्न मोकळेपणाने विचारा. १९८६ पासून मुक्तांगण ज्या शहरात व्यसनमुक्तीचं काम करतं आहे, त्या शहरातले देणगीदार तो विचारणारच. लहान मुलांसाठी, व्यसनमुक्तीसाठी किंवा कौटुंबिक हिंसाचाराच्या विषयावर काम करणाऱ्या संस्थेने हा बेत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. वसतिगृहाच्या मुली कार्यक्रमात गाणार असतील, तर तिथेही दारू नको. मुलींना बोलवा किंवा वाइन ठेवा, दोन्ही एकाच संध्याकाळी नको.

ठरलंच असेल तर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठराव करा आणि तो इतिवृत्तात लिहा. ठरावात दोन गोष्टी हव्यात. दारूचं बिल ट्रस्टच्या खात्यातून भागवलं जाणार नाही, आणि परवान्याच्या अर्जावर कोणाची सही असेल. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टचा पैसा ट्रस्टच्या उद्दिष्टांसाठी असतो. हिशेबात वाइनच्या पेट्या दिसल्या की लेखापरीक्षक विचारणार, आणि त्याने विचारायलाच हवं. हा खर्च एखाद्या हितचिंतकाने स्वतःच्या नावावर करावा, किंवा पाहुण्यांनी परवानाधारक हॉटेलला परस्पर द्यावा.

सही कोणाची, हा प्रश्न तर फारच महत्त्वाचा. ज्याच्या नावावर परवाना, त्याच्यावर जबाबदारी. कार्यालयातल्या नव्या मुलाला ‘तू फक्त सही कर’ म्हणून पुढे करू नका. सही विश्वस्ताने किंवा सचिवाने करावी, आणि सही करणारा माणूस त्या संध्याकाळी शेवटपर्यंत जागेवर असावा.

जागा: अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं

परवान्यांची नावं तुमच्या कानावर पडतील ती अशी. एफएल-२ म्हणजे वाइन शॉप, एफएल-३ म्हणजे परमिट रूम, एफएल-४ म्हणजे क्लबचा परवाना. एका कार्यक्रमापुरता तात्पुरता परवाना मिळतो तो एफएल-४ए. बोलताना सगळे त्याला ‘एक दिवसाचा परवाना’ म्हणतात.

नवख्या आयोजकाला मी नेहमी सांगते, की शक्य असेल तर ज्या जागेकडे एफएल-३ किंवा एफएल-४ आधीपासून आहे तिथेच कार्यक्रम करा. भाडं थोडं जास्त पडेल. पण माल त्यांचा, हिशेब त्यांचा, वाढणारी माणसं त्यांची, आणि त्यांना नियम रोजच्या सवयीने ठाऊक असतात. तुम्ही निधीकडे आणि पाहुण्यांकडे लक्ष द्यायला मोकळे राहता. दीडशे माणसांच्या कार्यक्रमाला दोनतीन स्वयंसेवक परवान्याच्या मागे पळवण्यापेक्षा हे केव्हाही परवडतं.

मात्र इथे एक बारकावा आहे. हॉटेलचा परवाना मंजूर नकाशापुरता असतो. परमिट रूम पहिल्या मजल्यावर आणि तुमची मैफल मागच्या लॉनवर, असं असेल तर तो परवाना लॉनला आपोआप लागू होत नाही. बुकिंग करताना मॅनेजरला नेमकं विचारा: ‘हे लॉन तुमच्या मंजूर नकाशात आहे का? नसेल तर त्या दिवसासाठी परवानगी कोण काढणार?’ उत्तर ईमेलवर मागा. ‘होऊन जाईल मॅडम, आमचं नेहमीचंच आहे’ हे उत्तर धरू नका.

परवाना नसलेल्या जागेत, म्हणजे मंगल कार्यालय, फार्महाउस, सोसायटीचं क्लबहाउस अशा ठिकाणी, एफएल-४ए लागतोच. सोसायटीतल्या मंडळींना हे पटायला जड जातं. ‘आमचंच क्लबहाउस, आमचीच माणसं, वर्गणी काढून आणतोय’ असं ते म्हणतात. पण कायद्यातली सामाईक मद्यपानगृहाची व्याख्या रुंद आहे. जागेचं भाडं, प्रवेशशुल्क किंवा इतर कुठल्याही रूपाने फायदा घेऊन पिऊ दिलं जातं अशी जागा त्यात येते. क्लबची जागाही येते, आणि अनेकजण नेहमी पिण्यासाठी वापरतात अशी जागा फायदा नसला तरी येते. अशी जागा चालवणाऱ्यावर कलम ६८ आणि तिथे पिताना सापडणाऱ्यावर कलम ८४ लागतं. ढाब्यांवरच्या कारवाईच्या बातम्यांत हीच दोन कलमं वाचायला मिळतात. म्हणजे चूक आयोजकांची असली तरी तुमच्या शब्दावर विश्वासून आलेल्या पाहुण्याचं नावही गुन्ह्यात येऊ शकतं. देणगीदाराला आपण यात अडकवू शकतो हे लक्षात आलं, की बहुतेकांचा निर्णय सोपा होतो.

शाळेचं सभागृह, महापालिकेचं मैदान, देवस्थानची जागा यांचा विचारच करू नका. आजूबाजूला काय आहे तेही पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोथरूडला दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमात मद्यविक्रीला मिळालेली परवानगी स्थानिकांच्या विरोधानंतर ऐन वेळी रद्द झाली. एवढ्या मोठ्या आयोजकांचं हे होऊ शकतं, तर आपलंही होऊ शकतं. म्हणून शेजारच्या सोसायट्यांना आधी भेटून या. चिठ्ठी पाठवण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटलेलं बरं.

हद्दीचाही घोळ पुण्यात फार. २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं आहे. पुणे शहर पोलीस वेगळे, ग्रामीण पोलीस वेगळे, शिवाय पुणे आणि खडकी कटक मंडळं (कॅन्टोन्मेंट). हिंजवडी महापालिकेत नाही, पण पोलिसांच्या दृष्टीने पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतं. उत्पादन शुल्क विभागाच्या निरीक्षकांच्या हद्दी तर आणखी वेगळ्या आखलेल्या आहेत. जागा ठरली की त्याच दिवशी दोन नावं लिहून ठेवा: पोलीस ठाणं कोणतं आणि एक्साइजचं निरीक्षक कार्यालय कोणतं.

तारीख

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ड्राय डे सगळ्यांना पाठ असतात. निवडणुकीचे विसरतात. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवस बंदी असते. याशिवाय शांतता-सुव्यवस्थेसाठी जिल्हाधिकारी दारूबंदी कायद्याच्या कलम १४२ खाली दुकानं आणि परमिट रूम बंद ठेवण्याचा आदेश काढू शकतात. पुण्यात हा आदेश मुख्यतः गणेशोत्सवात आणि पालख्यांच्या मुक्कामात आडवा येतो. फरासखाना, विश्रामबाग, खडक या पोलीस ठाण्यांच्या हद्दीत गणपतीच्या पूर्ण दहा दिवसांसाठी असे आदेश निघाले आहेत. तेव्हा भाद्रपदात आणि वारीच्या दिवसांत हा बेत नकोच. नियम बाजूला ठेवला तरी ज्या रस्त्यावरून माउलींची पालखी गेली तिथे दुसऱ्या दिवशी वाइनची मैफल भरवणं मला रुचत नाही.

अर्ज

परवाना देणारं खातं राज्य उत्पादन शुल्क. जिल्ह्याच्या पातळीवर अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क, पुणे यांचं कार्यालय आणि त्यांच्यावर जिल्हाधिकारी. अर्ज विभागाच्या ऑनलाइन सेवा पोर्टलवर भरायचा असतो. आधी खातं उघडायचं, मग सेवांच्या यादीतून तात्पुरता क्लब परवाना, म्हणजे एफएल-४ए, निवडायचा.

अर्जाला बसण्याआधी ही कागदपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा: सही करणाऱ्याचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, विश्वस्तांचा ठराव, जागामालकाचं संमतीपत्र (सोसायटी असेल तर व्यवस्थापन समितीचं), जागेचा साधा नकाशा, कार्यक्रमाची वेळ आणि पाहुण्यांची अंदाजे संख्या, आणि पोलिसांकडे दिलेल्या अर्जाची पोच. पोर्टल याहून जास्त काही मागेल तर तीच यादी अंतिम. नकाशात एक गोष्ट आवर्जून दाखवा. बारचं टेबल कुठे आणि मुलांसोबत आलेली कुटुंबं कुठे, ही सीमा काढा. हा नकाशा तुम्हाला त्या संध्याकाळीही उपयोगी पडेल.

शुल्क कार्यक्रमाच्या प्रकारावर आणि जागेवर ठरतं आणि सरकार ते आर्थिक वर्षानुसार सुधारतं. त्यामुळे कोणाच्या गेल्या वर्षीच्या पावतीवरून बजेट मांडू नका. पोर्टलवर दिसेल तो आकडा खरा. पैसे ऑनलाइन चलनाने सरकारजमा होतात. कोणी मधला माणूस ‘माझ्याकडे रोख द्या, परवाना घरी येईल’ म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. ज्याचं चलन नाही तो खर्च ट्रस्टला दाखवता येत नाही, आणि तो परवाना खरा आहे की नाही तेही कळत नाही.

अर्ज किती आधी करावा? मी महिनाभर आधी करा असं म्हणते. त्रुटी निघाली, निरीक्षकांना जागा पाहायची असली, मध्ये सुट्ट्या आल्या, तरी हाताशी दिवस राहतात. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात कार्यालयात गर्दी असते, तेव्हा याहूनही आधी.

पोलीस ठाण्याचा अर्ज याच सुमाराला द्या. सार्वजनिक कार्यक्रम, ध्वनिक्षेपक, पार्किंग, सगळं एकाच पत्रात मांडा. केटररचा अन्न परवाना आणि मंडप असेल तर अग्निशमनचा दाखला याही गोष्टी मागे लागतील. त्यांची वाट सरळ आहे, म्हणून इथे लांबवत नाही.

पिणाऱ्याचाही परवाना

हे ऐकून नवखे लोक चमकतात. महाराष्ट्रात पिणाऱ्या माणसाकडेही परवाना असावा लागतो. वार्षिक परवाना १०० रुपये, आजीवन १००० रुपये, आणि एका दिवसाचा विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये, असे दर वर्षानुवर्षं चालत आले आहेत. रक्कम किरकोळ आहे आणि म्हणूनच सगळे दुर्लक्ष करतात. कार्यक्रमाचा परवाना काढला म्हणजे पाहुण्यांचा निघाला असं होत नाही. आमंत्रणासोबतच विचारा: ‘आपल्याकडे परवाना आहे का?’ नसेल त्यांच्यासाठी एक दिवसाचे परवाने आधीच घेऊन ठेवा आणि दारावर नाव लिहून द्या. आमच्या उदाहरणातल्या ट्रस्टने हे काम एका निवृत्त बँकवाल्या काकांकडे द्यावं. असं काम त्यांच्यासारखं कोणी चोख करत नाही.

माल कुठून आणायचा

माल महाराष्ट्रातल्या परवानाधारक दुकानातूनच, बिलासह. बिलावर खरेदी करणाऱ्याचं नाव आणि तारीख हवी. परवान्याची प्रत गाडीत ठेवा.

पुण्यात दोन मोह जवळ असतात. पहिला गोव्याचा. तिथे स्वस्त मिळते म्हणून येताना दोन पेट्या आणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. गोव्यात विक्रीसाठी असलेली दारू महाराष्ट्रात आणणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि बाटलीच्या लेबलवर ते लिहिलेलंच असतं. दुसरा मोह लष्करी कँटीनचा. खडकी, वानवडी, घोरपडी, एनडीए असा आपला शेजार. एखादे कर्नल काका आपुलकीने म्हणतात, ‘रमची काळजी करू नका.’ ती रम त्यांच्या वैयक्तिक वापरासाठी सवलतीत मिळालेली असते. तुमच्या कार्यक्रमात ती ठेवली तर तुम्ही तर अडकताच, त्यांचीही अडचण होते. त्यांना प्रेमाने नाही म्हणा.

आणि खरेदी कमीच करा. दीडशे पाहुण्यांतले निम्मे पीत नाहीत असं धरूनच यादी करा. संपली तर संपली, ताक आणि सोलकढी असतेच.

तिकीट, पोस्टर, लिलाव

‘तिकीट २५०० रुपये, जेवण आणि अमर्याद वाइन’ असं छापू नका. याची तीन कारणं आहेत. कायद्याच्या कलम २४ नुसार मादक पदार्थांची जाहिरात करायला मनाई आहे. दुसरं, तिकिटात दारू आली की तुम्ही ती विकता आहात हे तुमच्याच पोस्टरवर छापलं गेलं. तिसरं कारण आपल्या कामाचं: लोक अमर्याद वाइनसाठी येतील, वसतिगृहासाठी येणार नाहीत, आणि असे लोक पुढच्या वर्षी देणगी देत नाहीत. तिकीट मैफलीचं आणि जेवणाचं ठेवा.

तिकिटाच्या पैशाला देणगीची पावती देऊ नका. ज्याच्या बदल्यात जेवण आणि मैफल मिळाली ती देणगी नव्हे. आयकर सवलतीची, म्हणजे ८०जी ची, पावती वेगळ्या दिलेल्या रकमेचीच, आणि रोख असेल तर २००० रुपयांपर्यंतच्याच रकमेला ती सवलत मिळते. ट्रस्ट नोंदलेला नसेल आणि लोकांकडून पैसे गोळा करणार असाल तर धर्मादाय कार्यालयाकडे कलम ४१क खालची परवानगी लागते. गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच.

लिलावात किंवा सोडतीत बक्षीस म्हणून जुनी स्कॉचची बाटली ठेवायची कल्पना कोणीतरी काढतंच. ठेवू नका. तिच्या जागी पैठणी ठेवा, चित्र ठेवा. जास्त बोली लागते.

दारावर

सगळ्यात जास्त जीव लावून करायचं काम हे. महाराष्ट्रात वाइन आणि सौम्य बिअरसाठी किमान वय २१ आणि व्हिस्की, रम, व्होडका वगैरेंसाठी २५ आहे. बाहेरच्या राज्यातून आलेल्या तरुण पाहुण्यांना हे माहीत नसतं. दोन वयांच्या दोन रांगा सांभाळणं हौशी आयोजकांना जमत नाही, म्हणून सरसकट २५ धरा. मनगटावर रंगीत पट्टी बांधा, ओळखपत्र पाहूनच. ‘अहो, हा माझा मुलगा आहे, मी सांगतोय ना’ हे वाक्य ऐकायला मिळेल. तेव्हा हसून, पण ठामपणे, ओळखपत्रच मागा. या कामावर लाजाळू स्वयंसेवक नको आणि उर्मटही नको. शाळेत शिकवण्याचा अनुभव असलेल्या बाई मिळाल्या तर उत्तम.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये काय झालं ते पुणेकरांना सांगायला नको. दारू प्यायल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. अल्पवयीन मुलांना मद्य देणाऱ्या जागांवर त्यानंतर कारवाई झाली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार मुलाला मद्य देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण शिक्षेचा आकडा नसता तरी दारावरचं काम इतक्याच कडकपणे करावं लागलं असतं. आपण मुलींच्या शिक्षणासाठी पैसे गोळा करतो आहोत आणि त्याच संध्याकाळी कोणाचं तरी मूल आपल्या टेबलावरून ग्लास उचलतं, हे होता कामा नये.

वाढणारा माणूस पगारी आणि अनुभवी हवा. पाहुण्यांनी स्वतः ओतून घ्यायचं टेबल ठेवू नका. बार मैफल संपण्याच्या तासभर आधी बंद करा, जेवण त्यानंतर वाढा. खुल्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. वर्षात मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट असते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात आणि तुमची तारीख त्यात असेलच असं नाही.

घरी जाण्याची सोय हा कार्यक्रमाचाच भाग धरा. रक्ताच्या १०० मिलीलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर मद्यांश सापडला की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सिंहगड रोडवरून रात्री अकराला कॅब मिळायला वेळ लागतो. म्हणून परतीच्या गाड्या आधी सांगून ठेवा, आणि गाडी तिथेच ठेवून जाणाऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पार्किंग खुलं ठेवण्याची जागामालकाकडून परवानगी घ्या.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

परवान्याची मूळ प्रत बारच्या टेबलापाशी लावा. निरीक्षक आले तर सही करणाऱ्याने पुढे व्हावं, बाकीच्यांनी बोलू नये. साठ्याची वही ठेवा: किती बाटल्या आल्या, किती उघडल्या, किती उरल्या.

परवाना त्या दिवसापुरताच असतो. उरलेल्या बाटल्या संस्थेच्या कपाटात गेल्या, तर दुसऱ्या दिवशी तो विनापरवाना साठा होतो. न उघडलेल्या बाटल्या परत घेण्याचं दुकानदाराशी खरेदीच्या वेळीच बोलून ठेवा. उघडलेल्या तिथेच, दोघांच्या समोर, ओतून टाका आणि वहीत तशी नोंद करून दोघांच्या सह्या घ्या. स्वयंसेवकांना वाटू नका, त्यांना दुसऱ्या दिवशी मिसळ खायला न्या.

मग परवाना, चलन, बिलं, साठ्याची वही, एक दिवसाच्या परवान्यांची यादी आणि विश्वस्तांचा ठराव एका फायलीत लावा आणि ती फाइल लेखापरीक्षकाकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात ठेवा.